एक पेनी आणि बारा माणसें

ईश्वरचिंतन एकांतांत करावें कीं चारचौघांच्या संगतींत, हा प्रश्न धर्माइतकाच जुना आहे. आपल्याकडे त्याचें उत्तर बहुधा दोन्ही बाजूंनीं दिलें जातें. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत आणि तेच तुकोबा कीर्तनांत उभे राहत. ह्यांत कोणास विसंगति दिसत नाहीं. परंतु ह्या दोन गोष्टींचा सांधा नेमका कोठें जुळतो, एकांतांत जें लाभलें तें संसारांत टिकतें कसें, आणि तें खरोखर लाभलें किंवा नुसतें वाटलें ह्याची पारख कोणी करावयाची, हें आपण सहसा विचारीत नाहीं. अठराव्या शतकांत इंग्लंडमधील कांहीं सामान्य माणसांना हें विचारणें भाग पडलें. त्यांना जें उत्तर सांपडलें तें कोणा पंडिताच्या ग्रंथांत सांपडलें नाहीं. तें एका इमारतीच्या कर्जांतून निघालें. त्या उत्तराची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

मी ख्रिस्ती नाहीं. महाविद्यालयांत इंग्लंडचा इतिहास शिकवितां शिकवितां ह्या विषयाशीं माझी ओळख झाली, आणि ती प्रथम अगदीं वरवरची होती. पाठ्यपुस्तकांत जॉन वेस्ली ह्याला अर्धें पान मिळतें: घोड्यावरून हजारों मैलांचा प्रवास, उघड्या माळावर उपदेश, खाणींतल्या मजुरांचे प्रचंड समुदाय, आणि मेथॉडिस्ट पंथाची स्थापना. पुष्कळ वर्षें मीही विद्यार्थ्यांना एवढेंच सांगत आलों. पुढें एक शंका मनांत येऊं लागली. जॉर्ज व्हाइटफील्ड हा वेस्लीचा समकालीन आणि सहकारी. वक्तृत्वांत तो वेस्लीहून निःसंशय वरचढ होता. उघड्या माळावर बोलण्याची वाट त्यानेंच वेस्लीला दाखविली. असें असतां व्हाइटफील्डचे समुदाय त्याच्यामागें विरून गेले, आणि १७९१ सालीं वेस्ली वारला तेव्हां ब्रिटिश बेटांत त्याच्या मंडळ्यांतून सत्तर हजारांवर सभासद नियमानें जमत होते, हें कसें? आपल्या कार्याची वाळूची दोरी झाली, असें व्हाइटफील्डनेंच उत्तरवयांत म्हटल्याचें सांगतात. वेस्लीच्या दोरीला पीळ कशानें बसला? माळावरच्या हजारोंकडे पाहून ह्याचें उत्तर मिळत नाहीं. त्यासाठीं एका लहानशा खोलींत, बाराच माणसांत, जाऊन बसावें लागतें.

कथेचा आरंभ मात्र त्याही आधींचा, आणि तो एका स्वयंपाकघरांतला आहे. लिंकनशायर परगण्यांतील एपवर्थ गांवीं सॅम्युएल वेस्ली हा धर्मोपदेशक होता. त्याची पत्नी सुसाना हिला एकोणीस अपत्यें झालीं. त्यांतलीं जवळजवळ निम्मीं बालपणींच गेलीं. घरीं कर्जाचा लकडा कायमचाच. १७०९ सालीं घरास आग लागली, तेव्हां पांच वर्षांचा जॉन वरच्या मजल्याच्या खिडकींतून ऐन वेळीं बाहेर काढला गेला. अशा संसारांतही ह्या बाईनें एक नेम ठेविला होता. आठवड्यांतली एकेक संध्याकाळ तिनें एकेका मुलास वांटून दिली होती. त्या वेळीं त्या मुलाशीं एकटें बसून त्याच्या मनांत काय चाललें आहे तें ती ऐकून घेई. जॉनचा वार गुरुवार होता. पुढें ऑक्सफर्डमध्यें अध्यापक झाल्यावरही त्यानें आईला लिहिलेल्या पत्रांत त्या गुरुवारच्या संध्याकाळची मागणी केली आहे. १७११-१२ च्या हिवाळ्यांत पति लंडनला गेला असतां ती रविवारीं रात्रीं स्वयंपाकघरांत मुलांना व नोकरांना प्रवचन वाचून दाखवूं लागली. शेजारीपाजारी येऊं लागले. माणसें वाढतां वाढतां दोनशेंच्या घरांत गेलीं. देवळांतल्या बदली उपदेशकानें तक्रार केली आणि पतीचें निषेधाचें पत्र आलें. हें बंद करावयाचें असेल तर नुसती इच्छा कळवूं नका, स्पष्ट आज्ञा द्या, अशा आशयाचें तिनें उत्तर धाडलें. आज्ञा आली नाहीं.

ह्या घरांतून निघालेला मुलगा ऑक्सफर्डला गेला, आणि तेथें त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स ह्यानें १७२९ सालीं जमविलेल्या चार-पांच विद्यार्थ्यांच्या मेळ्याचा पुढारी झाला. हे लोक मिळून ग्रीक भाषेंतला नवा करार वाचीत, आठवड्यांतून दोन दिवस उपास करीत, तुरुंगांतल्या कैद्यांची विचारपूस करीत. त्यांच्या काटेकोर दिनचर्येची थट्टा करण्यासाठीं इतर विद्यार्थ्यांनीं त्यांना ‘मेथॉडिस्ट’ म्हणजे ‘पद्धतवाले’ असें नांव ठेविलें. थट्टेचें नांव पुढें पंथाचें नांव झालें. ह्या काळांतील वेस्लीचें वाचन पाहिलें म्हणजे तो मूळचा किती एकांतप्रिय होता हें कळतें. थॉमस ए केंपिस, जेरेमी टेलर, विल्यम लॉ हे त्याचे गुरु; सारे अंतर्मुखतेचे उपदेशक. पुढेंही हा ओढा सुटला नाहीं. डी रेंटी हा फ्रेंच कॅथलिक सरदार, ग्रेगरी लोपेझ हा मेक्सिकोंतला एकांतवासी, ह्यांचीं चरित्रें ह्या प्रॉटेस्टंट उपदेशकानें स्वतः संक्षिप्त करून आपल्या अनुयायांच्या हातीं दिलीं. त्याच्या खर्चाची गोष्ट प्रसिद्धच आहे. वर्षाला तीस पौंड मिळत तेव्हां त्याचा निर्वाह अठ्ठावीस पौंडांत होई. पुढें प्राप्ति साठ, नव्वद, एकशेंवीस पौंड झाली, तरी खर्चाचा आंकडा अठ्ठावीसच राहिला आणि बाकीचें दानांत गेलें.

इतकें करूनही मनास स्वस्थता नव्हती. १७३५ सालीं तो अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींत उपदेशक म्हणून गेला आणि दोनएक वर्षांत हिरमुसला होऊन परतला. जातांना समुद्रांत वादळ झालें, तेव्हां इंग्रज प्रवाशांनीं आक्रोश मांडला आणि मोरेव्हियन पंथाचीं जर्मन कुटुंबें लहान मुलांसह शांतपणें गात राहिलीं. हें दृश्य त्याच्या जिव्हारीं लागलें. ह्या मोरेव्हियन लोकांच्या सहवासांतच, २४ मे १७३८ रोजीं लंडनच्या ऑल्डर्सगेट भागांतील एका लहानशा बैठकींत ल्यूथरचें लेखन वाचलें जात असतां, आपल्या हृदयास कसली तरी ऊब लाभल्याची नोंद त्यानें केली आहे. पंथाचे लोक हा दिवस अजून पाळतात. येथें लक्षांत ठेवण्यासारखें एवढेंच, कीं हा अनुभवही त्याला चार माणसांत बसलेला असतां आला.

ह्यानंतर लवकरच एकांत आणि संगत ह्यांचा खरा झगडा उभा राहिला. लंडनमधील फेटर लेन येथें वेस्ली आणि मोरेव्हियन मंडळी मिळून एक समाज चालवीत असत. १७३९ च्या शरदांत मोल्थर नांवाचा एक जर्मन उपदेशक तेथें आला आणि ‘निश्चलते’चा उपदेश करूं लागला. ज्याच्या अंतरांत पूर्ण श्रद्धा उदय पावली नाहीं त्यानें प्रार्थना करूं नये, शास्त्र वाचूं नये, प्रभुभोजनास जाऊं नये, परोपकाराची धडपडही करूं नये. नुसतें स्तब्ध राहून ईश्वराची वाट पाहावी, असें त्याचें म्हणणें. ह्या मतांत एक मोहक खोली आहे, हें कबूल केलें पाहिजे. साधनांची खटपट हीच साधनेआड येते, असें आपल्याकडील कित्येक अनुभवी पुरुषांनींही म्हटलें आहे. वेस्लीला त्यांतला धोका दिसला. स्वस्थ बसलेल्या माणसाचें स्वस्थ बसणें ही शांति आहे कीं आळस आहे, हें ओळखावयाचें कसें? एकटा बसलेला माणूस स्वतःला सहज फसवूं शकतो, आणि फसलेल्यास आपण फसलों हें सांगणारा तेथें कोणी नसतो. पुष्कळ वाद झाला. शेवटीं २० जुलै १७४० रोजीं वेस्लीनें आपलें मत वाचून दाखविलें आणि तो बाहेर पडला. त्याच्याबरोबर अठरा-एकोणीस माणसें उठलीं. मूरफील्ड्समध्यें तोफा ओतण्याचा एक जुना, स्फोटानें मोडकळीस आलेला कारखाना त्यानें आदल्या वर्षींच घेऊन डागडुजी केला होता. हीं माणसें आतां तेथें जमूं लागलीं. ‘फाउंडरी’ हेंच त्या स्थळाचें नांव राहिलें.

आतां ब्रिस्टलकडे वळूं. २ एप्रिल १७३९ रोजीं वेस्ली त्या शहराबाहेर प्रथमच उघड्यावर बोलला होता, आणि जवळच्या किंग्जवूड खाणींतले काळवंडलेले मजूर ऐकावयास जमूं लागले होते. पाऊस-थंडींत बसावयास जागा हवी म्हणून त्याच वर्षीं ‘न्यू रूम’ ह्या नांवाची इमारत बांधावयास घेतली. ती आजही उभी असून मेथॉडिस्टांची जगांतली सर्वांत जुनी वास्तु समजली जाते. इमारत झाली, आणि कर्जही झालें. १५ फेब्रुवारी १७४२ रोजीं कर्ज फेडावें कसें हें ठरविण्यासाठीं कांहीं प्रमुख माणसें बसलीं असतां कॅप्टन फॉय नांवाचा एक सभासद म्हणाला, प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी. कोणी तरी हरकत घेतली, कीं पुष्कळांना तेवढेंही झेपणार नाहीं. ह्यावर फॉय म्हणाला, मग सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या; मी दर आठवड्यास त्यांच्याकडे जाईन; ज्याला देतां येईल तो देईल, ज्याला येणार नाहीं त्याची पेनी मी भरीन. इतरांनींही तसेंच अकरा-अकरा जण पत्करले. अकरा आणि एक मिळून बारा झाले, आणि त्या बारांना ‘क्लास’ म्हणजे वर्ग हें नांव पडलें.

पेनी गोळा करणारे घरोघर जाऊं लागले, आणि त्यांना पैशांपेक्षां वेगळ्या गोष्टी दिसूं लागल्या. एका घरीं नवरा पिऊन पडलेला, एका घरीं भावाभावांचा अबोला, एका घरीं आजारी म्हातारी आणि चूल थंड. त्यांनीं हें वेस्लीला येऊन सांगितलें. वेस्लीच्या ध्यानांत आलें, कीं आपण इतके दिवस जें शोधीत होतों तें हेंच. हजारोंच्या समुदायांत कोणाचें काय चाललें आहे हें एका उपदेशकास कळणें अशक्य होतें. बारांत तें आपोआप कळत होतें. २५ मार्च रोजीं लंडनमध्येंही त्यानें हीच व्यवस्था लावून दिली. घरोघर हिंडणें गैरसोयीचें होऊं लागलें, मालक लोक नोकरांना भेटूं देईनात, एकाच्या तोंडचा आरोप दुसऱ्यासमोर ताडून पाहतां येईना. म्हणून बारा जणांनींच आठवड्यांतून एकदां एकत्र जमावें असें ठरलें. कर्ज पुढें केव्हां तरी फिटलें असेल. वर्ग मात्र राहिला.

ह्या वर्गांत काय चाले? प्रारंभीं गीत आणि प्रार्थना. मग प्रमुख स्वतःपासून सुरुवात करी: गेल्या आठवड्यांत माझें मन कोठें ढळलें, कोठें सांवरलें. त्यानंतर तो एकेकास विचारी. उत्तर देणारा चांभार असे, विणकर असे, मोलकरीण असे. येथें सिद्धांताची चर्चा नव्हती. वर्गांत येण्यासाठीं कोणत्याही विशिष्ट मतास मान्यता द्यावी लागत नसे. आपल्या पापांतून सुटावें अशी इच्छा असणें एवढी एकच अट १७४३ च्या नियमावलींत घातलेली आहे. ती इच्छा खरी असेल तर ती आचरणांत दिसेल, म्हणून पुढें तीन नियम येतात: कोणाचें वाईट करूं नये, होईल तेवढें भलें करावें, आणि उपासनेचीं साधनें सोडूं नयेत. त्यांखालचा तपशील वाचण्यासारखा आहे. जकात चुकविलेला माल विकत घेऊं नये. फेडण्याचा संभव नसतां कर्ज काढूं नये किंवा उधारीनें माल उचलूं नये. सावकारी करूं नये. ध्यानधारणेच्या पुस्तकांत जकातीचा विषय सहसा सांपडत नाहीं. ह्या लोकांनीं अंतःकरणाची परीक्षा वाण्याच्या वहीपर्यंत नेऊन पोंचविली.

माझ्या मतें ह्या पद्धतीचें मर्म येथें आहे. आठवड्याचे सहा दिवस माणूस आपल्या कामांत एकटा असे. ज्याचें त्यानें पहांटे उठून प्रार्थना-मनन करावें अशी अपेक्षा होती. परंतु सातव्या दिवशीं त्याला कोणी तरी विचारणार होतें, आणि हें ठाऊक असल्यामुळें त्या एकांताला वळण लागे. उलट, वर्गांत बोलावयाचें तर आधीं आपल्या आंत पाहून घ्यावें लागे. म्हणून संगतीचीही नुसती गप्पागोष्ट होत नसे. फेटर लेनमध्यें जी निश्चलता सर्व साधनांना हांकून देत होती, ती येथें मोडून टाकलेली नाहीं. तिला साक्षीदार मिळाले आहेत. किंग्जवूडच्या खाणमजुरांची गोष्ट ह्यास पूरक आहे. पूर्वीं शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यांत घालविणारे हे लोक रात्र-रात्र प्रार्थनेंत बसूं लागले. हें बंद करा असा वेस्लीला कित्येकांनीं सल्ला दिला. तो स्वतः त्यांच्यांत जाऊन बसला, आणि ती ‘जागरणाची रात्र’ सगळ्या पंथांत रूढ झाली.

पेनीनेंही आपला धर्म सोडला नाहीं. फाउंडरींत १७४६ सालीं गरिबांसाठीं औषधालय निघालें, आणि त्याच वर्षीं लहान कर्जें देणारा एक फंड उभा राहिला. तीन महिन्यांत परत फेडावयाचें, व्याज नाहीं. जेम्स लॅकिंग्टन हा जोडे शिवणारा १७७५ च्या सुमारास ह्या फंडांतून पांच पौंड घेऊन गेला आणि त्या भांडवलावर लंडनमधील एक अत्यंत मोठा पुस्तकविक्रेता बनला. श्रीमंत झाल्यावर त्यानें आपल्या आत्मचरित्रांत मेथॉडिस्टांची यथेच्छ टवाळी केली, आणि म्हातारपणीं त्या टवाळीबद्दल पश्चात्ताप करणारें दुसरें पुस्तक लिहिलें. उपकार आणि कृतघ्नता ह्यांचा जमाखर्च असा क्वचितच छापून मिळतो.

स्त्रियांना ह्या वर्गांनीं जें दिलें त्याची कल्पना संस्थापकासही नव्हती. सभासदांत स्त्रियांचा भरणा मोठा होता आणि वर्गप्रमुखही कित्येक ठिकाणीं स्त्रियाच असत. फेब्रुवारी १७६१ मध्यें सारा क्रॉस्बी ही वर्गप्रमुख डर्बी गांवीं तीसएक माणसांचा वर्ग घ्यावयास गेली, तों समोर दोनशें माणसें बसलेलीं. एकेकास विचारणें शक्यच नव्हतें. तिनें उभें राहून सर्वांना मिळून चार शब्द सांगितले, आणि मग घाबरून वेस्लीला पत्र लिहिलें. वेस्लीचें उत्तर मोठें गमतीचें आहे: आमच्यांत स्त्रियांना उपदेशकाचें काम करतां येत नाहीं असें लोकांना सांगून टाक, आणि मग तुझ्या मनांत जें असेल तें त्यांना सांग, असा त्याचा मथितार्थ. एपवर्थच्या स्वयंपाकघराची त्याला त्या वेळीं आठवण झाली असेल काय?

इथपर्यंत वाचून ही सारी गोष्ट गोडच होती असा ग्रह होऊं नये. १२ मार्च १७४३ ची न्यूकॅसल येथील नोंद वेस्लीनेंच ठेविली आहे. त्यानें तेथील मंडळीची तपासणी केली आणि चौसष्ट जणांना काढून टाकलें. दोघे शिव्याशाप देणारे, दोघे रविवार मोडणारे, सतरा दारुडे, दोघे दारू विकणारे, तिघे भांडखोर, एक बायकोला मारणारा, तिघे सराईत खोटें बोलणारे, चौघे निंदक, एक आळशी. आणि उरलेले एकोणतीस जण थिल्लरपणा व बेपर्वाई ह्यांबद्दल. पहिल्या पसतीसांविषयीं मतभेद होणार नाहीं. परंतु ह्या एकोणतिसांचा विचार मनांतून जात नाहीं. थिल्लर कोण, हें ठरविणार कोण? कोणी तरी चुकीच्या वेळीं हंसला असेल, कोणी जत्रेंत गेला असेल. जेथें प्रत्येकाला विचारलें जातें तेथें प्रत्येकावर पाळतही राहते, आणि ममतेचा डोळा केव्हां पहारेकऱ्याचा डोळा होतो हें त्या डोळ्यालाच कळत नाहीं. इतिहासकार ई. पी. टॉमसन ह्यानें १९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मेथॉडिझमवर ह्याच दिशेनें कडक टीका केली: मजुराच्या मनाला शिस्त लावून ह्या पंथानें गिरणीमालकाचें काम सोपें केलें, असा त्याचा रोख आहे. टॉमसन स्वतः मेथॉडिस्ट मिशनऱ्याचा मुलगा. तेव्हां हा आरोप परक्याचा म्हणून झटकून टाकतां येत नाहीं.

तथापि आरोपाची दुसरी बाजू त्याच इतिहासांत आहे. फ्रान्सप्रमाणें इंग्लंडांत क्रांति कां झाली नाहीं, ह्याचें एक कारण म्हणून एली हालेव्ही ह्या फ्रेंच पंडितानें १९१३ सालीं मेथॉडिझमकडे बोट दाखविलें, आणि तेव्हांपासून हा वाद चालूच आहे. मला त्यांत एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या मजुराला वर्गांत उभें राहून बोलावयाची, हिशेब ठेवावयाची, आणि बारा जणांची जबाबदारी वाहावयाची संवय लागली, तो ती संवय देवळाच्या दारांत काढून ठेवणार थोडाच! १८३४ सालीं डॉर्सेटमधील टोल्पडल गांवच्या सहा शेतमजुरांना, मजुरी घटत चालली म्हणून संघ काढून शपथ घेतल्याबद्दल, सात वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियास धाडलें गेलें. त्या सहांपैकीं पांच मेथॉडिस्ट होते आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा उपदेशकाचें काम करी. लोकांनीं देशभर गिल्ला केला आणि १८३६ सालीं त्यांना माफी मिळाली. १८४० सालीं चार्टिस्टांनीं मताच्या हक्कासाठीं जी राष्ट्रीय संस्था काढली तिची रचना पाहावी: दहा-दहा जणांचे वर्ग, प्रत्येकास एक प्रमुख, आणि आठवड्याची वर्गणी एक पेनी. कॅप्टन फॉयची पेनी शंभर वर्षांनीं अशी भलत्याच खजिन्यांत जमा झाली. पंथाच्या अधिकारी पुढाऱ्यांना हें राजकारण मुळींच पसंत नव्हतें. पण आपल्याला कोणी विचारतें, हें एकदां कळलेला माणूस पुढें स्वतःही विचारूं लागतो, त्याला इलाज नाहीं.

ही पद्धति आपल्या मुंबईसही आली होती. १८७१ सालच्या अखेरीस विल्यम टेलर हा अमेरिकन मेथॉडिस्ट उपदेशक मुंबईंत आला. त्यानें देऊळ बांधण्यापासून सुरुवात केली नाहीं. लोकांच्या घरीं लहान लहान मेळे जमविले, आणि त्या मेळ्यांतून १८७२ च्या आरंभीं मंडळी उभी राहिली. तिनें परदेशी मिशनच्या पैशावर चालावयाचें नाहीं, सभासदांनींच आपला भार उचलावा, हा त्याचा कटाक्ष होता. ह्या मंडळींत एक विलक्षण पुरुष येऊन मिळाला. त्याचें नांव जॉर्ज बोवेन.

बोवेन १८४८ च्या जानेवारींत मुंबईस आला तो दुसऱ्या एका अमेरिकन मिशनतर्फें. तरुणपणीं तो नास्तिक, संगीत-साहित्याचा शौकी, युरोपभर हिंडलेला. ज्या तरुणीवर त्याचें प्रेम होतें ती १८४४ सालीं वारली आणि जातांना आपलें बायबल त्याच्यासाठीं ठेवून गेली. त्या पुस्तकानें त्याचें आयुष्य पालटलें. मुंबईस आल्यावर वर्षभरांतच त्यानें मिशनचा पगार नाकारला, आणि बाजारांत एका लहानशा खोलींत राहून शिकवण्या करून तो पोट भरूं लागला. मराठी शिकून तो रस्त्यांत आणि बाजारांत मराठींतून बोले. ‘बाँबे गार्डियन’ ह्या साप्ताहिकाचें संपादन त्यानें दीर्घकाळ केलें आणि त्यांतून रोजच्या मननाचे जे छोटे छोटे लेख लिहिले ते पुढें पुस्तकरूपानें परदेशांतही वाचले गेले. जवळजवळ पाव शतक असा एकांतांत मुरलेला हा माणूस वयाची पन्नाशी उलटल्यावर टेलरच्या त्या लहानशा मंडळींत कां गेला? विनावेतन सेवेचें तत्त्व दोघांचें एकच होतें, हें एक कारण उघड आहे. मला मात्र वाटतें, कीं ज्याला एकांत खरोखर साधला आहे त्यालाच संगतीची गरज उतारवयांत अधिक स्पष्ट दिसते. बोवेन १८८८ सालीं मुंबईंतच वारला. त्याच्या उपदेशानें धर्मांतर केलेलीं माणसें फारच थोडीं. तरी त्याच्या नांवाचें मेथॉडिस्ट देऊळ अपोलो बंदरानजीक आहे.

पुढें १९३० सालीं स्टॅन्ली जोन्स ह्या मेथॉडिस्ट मिशनऱ्यानें नैनितालजवळ सातताल येथें आश्रम काढला. आश्रम ही कल्पना त्यानें आपल्या देशाकडून घेतली: पहांटेचें मौन, सर्वांनीं मिळून करावयाचें अंगमेहनतीचें काम, साधें राहणें. पण शिबिराच्या आरंभीं सर्वांनीं एकत्र बसून आपापल्या मनांतली उणीव मोकळेपणीं सांगावयाची, असा जो प्रघात तेथें पडला, तो ब्रिस्टलच्या वर्गाचा थेट वंशज आहे. मौन आपलें, आणि साक्षीदार त्यांचे, अशी ती जोड होती.

खुद्द पंथांत वर्गाचें काय झालें? तो हळूहळू मंदावला. गांवोगांव कायमचे उपदेशक नेमले गेले, तेव्हां विचारपूस करण्याचें काम त्यांच्यावर सोंपवून लोक मोकळे झाले. वर्गांतलीं उत्तरें सांचेबंद होऊं लागलीं. तेच कबुलीचे शब्द, तेच उसासे. अमेरिकेंतील दक्षिणेकडील मेथॉडिस्ट चर्चनें १८६६ सालीं वर्गाच्या हजेरीची अट काढून टाकली. आणखी एक कारण वेस्लीनें जिवंतपणींच ओळखलें होतें: धर्मानें माणूस उद्योगी व काटकसरी होतो, त्यानें पैसा येतो, आणि पैसा आला कीं धर्म ओसरतो. एक पेनी देणें कठीण होतें तोंवर ती मागावयास कोणी तरी दारीं येत होता. ती देणें सोपें झालें, आणि दारावरची थाप थांबली.

हें लिहितांना माझ्या लहानपणची दिवेलागण वारंवार आठवते. आजोबा ओटीवर बसत, आम्हां भावंडांकडून परवचा आणि रामरक्षा म्हणून घेत, आणि शेवटीं एकच प्रश्न विचारीत: आज कोणाशीं भांडलास काय? आम्ही खोटें बोललों तर त्यांना तें कळे, कारण भांडण ज्याच्याशीं झालें तो शेजारीच बसलेला असे. त्या प्रश्नाचा आम्हांला जाच वाटे. पुढें मीं पुष्कळ ग्रंथ वाचले, एकांतही पुष्कळ मिळाला. घरांत आतां प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे आणि खोलीचें दार आंतून लागतें. रामरक्षा येते; ती मी मनांतल्या मनांत म्हणतोंही. पण आज कोणाशीं भांडलास काय, असें मला विचारणारें कोणी राहिलेलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर, मीही गेल्या कित्येक वर्षांत तें कोणाला विचारलेलें नाहीं.

त्या एकोणतीस थिल्लर माणसांची बाजू मी अजूनही घेईन. परंतु ज्यांना सर्वांनींच मोकळें सोडलें आहे, ज्यांना वर्गांतून काढावयासही कोणी उरलेलें नाहीं, त्यांची स्थिति त्याहून बरी आहे असें मला छातीवर हात ठेवून म्हणवत नाहीं.